केराचा आठवडा

आमच्याकडे, यवतमाळच्या बाजूला, हिवाळ्यात थंडी घरात असायची आणि ऊब बाहेर. मातीची जमीन रात्रभरात इतकी गार व्हायची की उठल्या उठल्या माणूस आधी अंगण गाठायचा. तिथे कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची शेकोटी पेटलेली असायची. तिच्याकडे तोंड केलं की पाठ गारठायची, पाठ केली की छाती. ऊन वर आलं की सगळे भिंतीला टेकून बसायचे आणि दहा वाजेपर्यंत थंडीचा विषय संपलेला असायचा.

जर्मनीत हे उलटं आहे. इथे ऊब घरात कोंडलेली असते. बाहेर उणे बारा असलं तरी घरात मी बनियनवर हिंडतो. पण दाराबाहेर जे पडलेलं असतं, बर्फ असो की पाला, ते उचलण्याची जबाबदारी कुणा एका माणसाची असते. तिथे नाव असतं, वेळ ठरलेली असते. मला हे पक्कं माहीत होतं. माहीत असूनही एका सकाळी मी जे केलं नाही आणि नंतर जे बोललो, त्याबद्दल हे लिहितो आहे.

आम्ही श्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेनमध्ये चार बिऱ्हाडांच्या घरात पहिल्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मी गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेणारा इंजिनिअर, बायको एका आयटी कंपनीत. तळमजल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक बाई एकट्या राहायच्या. आम्ही नवराबायको आपसांत त्यांना आजी म्हणायचो. त्या मला "हेर नाखबार" म्हणायच्या, म्हणजे शेजारीबुवा. चाळीस वर्षं त्या त्याच घरात होत्या. त्यांचा मुलगा कार्ल्सरूहेला राहायचा आणि महिन्यातून एकदा यायचा.

त्या भागात एक रीत आहे. दर आठवड्याला एका बिऱ्हाडाने जिना पुसायचा, कचऱ्याचे डबे रस्त्यावर काढायचे, घरापुढची फरसबंदी झाडायची. हिवाळ्यात बर्फ पडला तर सकाळी सातच्या आत तो ओढून वाट मोकळी करायची आणि वर बारीक खडी टाकायची. ज्याचा आठवडा असेल त्याच्या दाराला एक लाकडी पाटी लटकते. रविवारी संध्याकाळी ती पुढच्याच्या दाराला जाते. पाटीवर लिहिलेलं असतं: केरवोखे. वोखे म्हणजे आठवडा, आणि केर म्हणजे झाडणं. तो शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी दचकलो होतो. इतक्या लांब येऊनही केर केरच राहिला होता.

माझ्या पहिल्या हिवाळ्यात दारापुढच्या पायऱ्यांवर बर्फ गोठला. मी डोकं चालवलं आणि बादलीभर गरम पाणी आणून ओतलं. बर्फ वितळला, मी खुशीत वर गेलो. वीस मिनिटांत पायऱ्यांची काच झाली. तळमजल्याची खिडकी उघडली.

"हेर नाखबार," आजी म्हणाल्या, "आईस हॉकीचा संघ किती वाजता येणार आहे?"

मग स्वतः कोट चढवून बाहेर आल्या आणि मला सगळं शिकवलं. बर्फ पडला की लगेच ओढायचा, पायाखाली दाबला जाण्याआधी. फावडं उचलायचं नाही, ढकलायचं. मीठ टाकायचं नाही, झाडं मरतात. खडी मुठीत घ्यायची आणि मनगटातून सोडायची, कोंबड्यांना दाणे टाकतात तशी.

"तुमच्याकडे कोंबड्या असतात ना?"

"होत्या."

"मग येईल तुम्हाला."

आलं मला. पाच वर्षं मी माझ्या आठवड्यात उजाडायच्या आत उठून ते काम केलं. वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टरही आपल्या आठवड्यात लोकरीची टोपी घालून झाडायचा आणि मला ऑफिसला जाताना पाहून झाडू उंचावायचा. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, मला ते पटलेलं होतं. फक्त बाबांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

आमचं घराणं गावकीची कामं करणारं. आजोबा पहाटे चावडी झाडायचे, चावडीपुढचा रस्ता झाडायचे. बाबा सहा-सात वर्षांचे असल्यापासून त्यांच्याबरोबर जायचे. दीक्षा घेतल्यावर आजोबांनी ते काम सोडलं आणि त्यापायी गावाचा राग सोसला. बाबा शिकले, टपाल खात्यात कारकून झाले. घरातला केर ते स्वतः काढायचे, आईला मदत म्हणून. पण फाटकाबाहेर झाडू घेऊन त्यांना मी कधी पाहिलं नाही.

मी चौथीत असताना मास्तर रोज मलाच वर्ग झाडायला सांगायचे. बाबांना कळलं तेव्हा ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत आले. मी व्हरांड्यात उभा होतो. आतून त्यांचा चढलेला आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवसापासून मला कुणी झाडू दिला नाही. त्या दिवसाचं एकच वाक्य माझ्या मनात पक्कं राहिलं: माझा पोरगा झाडू हातात घेनार नाही. ते मी चाळिशी ओलांडेपर्यंत जपून ठेवलं. परदेशी जाऊन इंजिनिअर झालेला मुलगा सकाळी सहा वाजता रस्ता झाडतो, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? फोनवर ते विचारायचे, "तिथं झाडलोट कोन करते रे?" मी म्हणायचो, "मशिनं आहेत बाबा." अगदीच खोटं नव्हतं. मोठ्या रस्त्यांवर मशिनंच होती.

आई गेल्यावर बाबा एकटे पडले. दोन हजार दहाच्या नोव्हेंबरअखेर मी त्यांना तीन महिन्यांसाठी घेऊन आलो. "बर्फ पाह्यचा हाय एकदा," एवढंच त्यांनी मागितलं होतं. त्या वर्षी बर्फही असा पडला की बाजारातून फावडी संपली.

पहिले काही दिवस ते भिंतीवरच्या हीटरला हात लावून बसायचे. "जाळ दिसत नाही, धूर नाही, मंग गरम काऊन होते?" बॉयलर तळघरात आहे हे सांगितल्यावर ते तळघरात जाऊन पाहून आले. घरात इतकं ऊबदार असूनही ते आईने विणलेला स्वेटर आणि माकडटोपी काढायचे नाहीत. "थंडीचा भरोसा नाही," म्हणायचे. पहाटे पाचला उठून चहा करायचे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसायचे. खिडकी रस्त्यावर उघडायची. खालून सायकलवर जाणारा माणूस दिसला की हाक मारायचे, "सूनबाई, ये पाह्य, हा येडा पाह्य!"

आजींशी त्यांची भाषेवाचून ओळख झाली. जिन्यात भेटले की बाबा हात जोडायचे आणि आजीही हात जोडायच्या. डिसेंबरात आजींनी नाताळच्या बिस्किटांचा डबा वर आणून दिला. बायकोने चकल्या पाठवल्या. दुसऱ्या दिवशी आजी मला म्हणाल्या, "चव छान आहे, पण हेर नाखबार, माझे दात तुमच्या वडिलांपेक्षा जुने आहेत."

मग आमचा आठवडा आला. रविवारी संध्याकाळी दातांच्या डॉक्टरने पाटी आमच्या दाराला अडकवली. बाबा चपला शोधत दारात उभे होते.

"हे काय लिहलं?"

"सूचना आहे बाबा. सोसायटीची."

"अन् आपल्याच दाराले?"

"फिरती असते."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरात आल्यावर दार लोटून म्हणाली, "अहो, सांगून टाका ना त्यांना. काय होणार आहे?"

"तुला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं? माझी आजी काय पालखीतून हिंडत होती?"

सोमवारी बाबा आंघोळीला गेले तेव्हा जिना पुसून घेतला. दहा मिनिटांत, चोरासारखा. बुधवारी संध्याकाळी ते डुलकी घेत असताना फरसबंदी झाडली. नवा बर्फ पडत नव्हता, त्यामुळे निभावलं. आठवडा असाच सरेल असं मला वाटलं होतं.

शुक्रवारी पहाटे जाग आली ती खिडकीबाहेरच्या शांततेने. बर्फ पडला की गाड्यांचे आवाज दबतात. साडेपाच वाजले होते. स्वयंपाकघरात आलो तर बाबा खिडकीशी होते. रस्त्यावरच्या दिव्याखाली दोन बोटं जाडीचा थर दिसत होता आणि वरून बर्फ भुरभुरतच होता.

"पाह्य," ते म्हणाले, "कापूस पिंजून टाकला कोनं."

मी त्यांच्याजवळ बसलो. चहा घेतला. सहाला ते आंघोळीला जात. त्या दिवशी गेले नाहीत. सव्वासहाला मी म्हणालो, "बाबा, पाणी गरम आहे." ते म्हणाले, "पानी काय पळून चाललं? हे पाहू दे."

साडेसहाला बायको कानाशी येऊन म्हणाली, "खाली जा ना आता."

"ते आंघोळीला गेले की जातो."

"मग मी जाते."

"तू तर नकोच."

मी तिला अडवलं, हे मी विसरू शकत नाही. ती कोटात एक हात घालून उभी होती. मी तो कोट तिच्या हातातून घेतला आणि परत खुंटीला लावला. सात वाजले. मी मनाशी म्हणालो, इतक्या सकाळी कोण बाहेर पडतं. नोकरीत माझं कामच हे होतं: कोणत्या पृष्ठभागावर काय किती घसरतं, ते मोजायचं. ताज्या बर्फाखाली आदल्या दिवशीचा गोठलेला थर असला की पकड जवळजवळ उरत नाही, हे मी दुसऱ्यांना शिकवत होतो.

सात-दहाच्या सुमाराला बाबा ओरडले, "अरे! म्हातारी पडली!"

मी जिना उतरलो तेव्हा आजी दारापासून चार पावलांवर कुशीवर पडलेल्या होत्या. शुक्रवारी त्या बेकरीत जायच्या. टोपी बाजूला पडली होती आणि पांढऱ्या केसांत बर्फ गेला होता. एक पाय विचित्र वळला होता. त्या रडत नव्हत्या. दातांवर दात दाबून त्यांनी मला विचारलं:

"हेर नाखबार, खडी टाकली होती ना?"

मी म्हणालो, "हो. सहा वाजता टाकली होती. त्यावर पुन्हा बर्फ पडला."

मला हे वाक्य तयार करावं लागलं नाही. ते तोंडातच होतं.

"मग माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "उजाडेपर्यंत थांबायला हवं होतं. माफ करा, तुम्हाला उगाच त्रास."

बायको घोंगडी घेऊन आली आणि आजींजवळ बर्फात बसली. अँब्युलन्सला फोन झाला होता. मी तळघरात गेलो, खडीची बादली घेऊन वर आलो आणि वाटेवर मुठीमुठीने टाकत सुटलो. अँब्युलन्सची माणसं घसरू नयेत म्हणून टाकतो आहे, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. आज खोटं बोलायचं नाही. अँब्युलन्सवाले येतील तेव्हा वाटेवर खडी दिसावी, म्हणून मी ती टाकली. बाबा दारात माकडटोपी घालून उभे होते. ते माझ्या हातांकडे पाहत होते.

आजींना नेल्यावर आम्ही वर आलो. बायको ऑफिसला फोन करायला आत गेली. बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ते काम कोनाचं होतं?"

"कोणतं?"

"मी टपालात चाळीस वर्सं काढली. मले लपवलेली गोष्ट दिसते. बादली कुठं हाय ते तुले अंधारात सापडलं. कोनाचं काम होतं?"

मग मी सांगितलं. पाटी, आठवडा, दातांचा डॉक्टर, पाच वर्षं, सगळं. शेवटी म्हणालो, "तुम्ही तिथे बसला होता. तुमच्यासमोर कसा झाडू घेणार? तुम्हीच मास्तरांना म्हणाला होतात, माझा पोरगा झाडू हातात घेणार नाही."

बाबांनी मांडीवरची टोपी बाजूला ठेवली.

"मी असं म्हनलोच नव्हतो," ते म्हणाले.

"मी व्हरांड्यात होतो बाबा. मी ऐकलं."

"तू काय ऐकलं, तुले ठाऊक. मी म्हनलो, मास्तर, पाळी लावा. पाटलाच्या पोराची लावा, वाण्याच्या पोराची लावा, अन् मंग माह्या पोराची बी लावा. तो नाही म्हनन त मी त्याचा कान धरून आनतो. त्यायनं पाळी लावली नाही. त्यायनं तुले झाडू देनंच बंद केलं अन् एका दुसऱ्या पोराले दिला. तो पोरगा कोनाचा होता, ते तुले याद नसन."

मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. माझ्यानंतर वर्ग कोण झाडत होतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"इथं त पाळी हाय," बाबा म्हणाले. "दातांचा डॉक्टर झाडते म्हनतोस. आनखी काय पाह्यजे होतं तुले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून खर्र खर्र आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर बाबा माझे बूट घालून फावडं ढकलत होते. मी कोट चढवून धावलो. त्यांनी फावडं दिलं नाही. खराटा माझ्याकडे सरकवला. आम्ही दोघांनी वाट साफ केली. त्यांच्या मिशीवर श्वासाचे खडे झाले होते.

"चावडी झाडाले जावो तवा पाय असे बधिर होत," ते म्हणाले. "मी बापाले म्हनो, गावाले थंडी नाही वाजत का? तो म्हने, गाव झोपलं हाय, त्याले कायची थंडी."

सत्तरीच्या माणसाला मी त्या थंडीत राबवत होतो, पण ती सकाळ मला बरी वाटली, हेही खरं आहे. बाबांना सांगून टाकल्यामुळे छातीवरचं उतरल्यासारखं वाटत होतं. तीच माझी दुसरी चूक. मला वाटलं, झालं.

आजींच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. आम्ही फुलं घेऊन इस्पितळात गेलो तेव्हा त्या गुंगीत होत्या. दोन आठवड्यांनी त्यांचा मुलगा जिन्यात भेटला. पन्नाशीचा, थकलेला, हातात कागद.

"विम्याकडून विचारणा आली आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी वाट साफ होती का, जबाबदारी कुणाची होती. आई म्हणते तुम्ही खडी टाकली होती. दोन ओळी लिहून द्याल?"

मी दारातच, भिंतीवर कागद टेकवून लिहिलं. सहा वाजता बर्फ ओढला, खडी टाकली. सही केली. त्याने वाचलं आणि मान हलवली.

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणजे वाट ठीकच होती. दोन वर्षं मी हेच सांगतो आहे, आईला आता एकटं राहता येत नाही. तिला पटत नव्हतं. आता स्वतःच म्हणते, आपलंच चुकलं."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी नुसतं स्वतःला वाचवलेलं नाही. माझ्या त्या एका वाक्याने दोष आजींच्या पायांवर गेला होता. तो कागद अजून त्याच्या हातात होता. मागून घेता आला असता. मी म्हणालो, "त्यांना आमचा नमस्कार सांगा."

बाबा मागे उभे होते. जर्मन त्यांना येत नव्हतं. दार लावल्यावर त्यांनी विचारलं, "काय लिहून देल्लं?"

"साक्ष."

"खरी?"

मी आत निघून गेलो.

जानेवारीभर मी ठरवत होतो. आजी पुनर्वसन केंद्रात होत्या, तिथून वृद्धाश्रमात गेल्या. रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या. बायको आधी बोलत होती, मग तिने तो विषय काढणं सोडलं, आणि ते मला जास्त जड गेलं. बाबा फेब्रुवारीअखेर परत निघाले. श्टुटगार्टच्या विमानतळावर रांगेत शिरण्याआधी त्यांनी माझा दंड धरला.

"मले मराठीत सांगून तू मोकळा झाला," ते म्हणाले. "तिले जर्मनमंधी कोन सांगन?"

मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी आजींचा सोफा, शिवणाचं मशीन आणि स्वयंपाकघराचं टेबल रस्त्याच्या कडेला मोठ्या कचऱ्याच्या गाडीची वाट पाहत ठेवलेलं दिसलं. मुलगा आत खोकी भरत होता. घर सोडल्याची नोटीस गेली होती. नवीन भाडेकरू एप्रिलमध्ये येणार होते. मी त्याला काही न बोलता बस पकडली आणि वृद्धाश्रमात गेलो. त्याला आधी सांगायचं धैर्य झालं नाही, आणि आजींनी ते दुसऱ्याकडून ऐकावं असंही वाटलं नाही.

त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. "हेर नाखबार! वडील पोचले का नीट?" त्यांनी विचारलं. मी पोचले म्हणालो, आणि मग उभ्या उभ्याच सांगितलं. खडी टाकली नव्हती. बर्फ ओढला नव्हता. साडेपाचपासून जागा होतो, खिडकीत बसून पाहत होतो. अँब्युलन्स येताना टाकली ती खडी खोटी होती. मुलाला लिहून दिलं तेही खोटं. कारण सांगायचा प्रयत्न केला. बाबा, चावडी, झाडू. माझं जर्मन ब्रेकच्या चाचण्यांपुरतं चालतं, या गोष्टींसाठी ते पुरेना. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"कारण नंतर," त्या म्हणाल्या. "खडी अजिबात नव्हती?"

"नव्हती."

"एकही मूठ नाही?"

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं त्या रडतील. त्या म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे मग मी नीट चालले होते."

त्यांनी डोळे उघडले.

"तीन महिने मी रोज ती चार पावलं चालते आहे," त्या म्हणाल्या. "अंथरुणात. पाय कुठे चुकला ते शोधते आहे. वाट साफ असताना पडणारी बाई म्हणजे काय, कळतं तुम्हाला? तिला गॅस बंद केला का विचारतात. गोळ्या घेतल्या का विचारतात. मी घर सोडायला हो म्हणाले ते का म्हणाले?"

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकलीच नाही जणू. ड्रॉवर उघडून कागद आणि पेन काढायला लावलं.

"लिहा. जसं झालं तसं."

मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, दोन ठिकाणी व्याकरण सुधारलं आणि पुन्हा स्वच्छ लिहून काढायला लावलं. "माझा मुलगा चारला येतो. तुम्ही थांबाल आणि त्याला हे वाचून दाखवाल. मी नाही दाखवणार."

तेव्हा दोन वाजले होते. ते दोन तास आम्ही एका खोलीत बसून काढले. आश्रमात काम करणारी एक मुलगी कॉफी ठेवून गेली. मी प्यायलो नाही. आजींनी त्यांची संपवली.

मुलगा आला. हातांना खोक्यांची धूळ होती. मी उभा राहून वाचलं. तो ओरडेल असं मला वाटत होतं. तो पलंगाच्या कडेला बसला आणि माझ्याकडे न पाहता आईकडे पाहत राहिला.

"या तीन महिन्यांत मी तिला काय काय बोललो आहे," तो हळू म्हणाला, "ते तुम्हाला माहीत नाही."

मग त्याने कागद घेतला, घडी घालून खिशात ठेवला आणि मला दार उघडून दिलं. घर परत मिळणार नव्हतं. नव्या भाडेकरूंनी सही केली होती, आणि खुबा तर मोडलेलाच होता. माझ्या कागदाने विमावाल्यांचं उत्तर बदललं. बाकी काहीच बदललं नाही.

दारातून मी विचारलं, "पुन्हा आलो तर चालेल?"

"या," आजी म्हणाल्या.

जर्मनमध्ये त्याचा अर्थ हो. पण त्यांचं तोंड खिडकीकडे होतं, आणि मला ते मराठीतल्या निरोपाच्या 'या'सारखं, आता निघा असं, ऐकू आलं. रात्री बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू तुह्या मनानं कायले अर्थ लावते? तिच्या भाषेत धर."

पुढच्या शनिवारी गेलो. आजी कोट घालून, चाकांचा वॉकर धरून तयार होत्या. माझ्यासाठी नव्हे, त्यांना डॉक्टरने रोज बाहेर चालायला सांगितलं होतं. आश्रमामागच्या बागेत बर्फ वितळत होता आणि वाटेवर जागोजागी पाणी साचलं होतं. मी हात पुढे केला.

"हात नको," त्या म्हणाल्या. "बाजूला व्हा. मला वाट दिसू द्या."

मी बाजूला झालो. त्या वॉकर ढकलत पुढे गेल्या, एकेक पाऊल बघून टाकत. मी दोन पावलं मागून, ओल्या मातीतून चालत राहिलो.